मुंबई–न्यूयॉर्क अंतर नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

लांब पल्ल्याच्या विमानसेवेची बातमी आली की सोबतच्या नकाशात दोन शहरे सरळ रेघेने जोडलेली दिसतात. मुंबई–न्यूयॉर्कची अशी रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. खरी जवळची वाट मात्र रशिया, दक्षिण फिनलंड, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून आहे. मुंबई सोडतानाच तिची दिशा ३३३ अंश, म्हणजे उत्तरेपासून २७ अंश पश्चिमेला असते. कारण एक अंश रेखांश विषुववृत्तावर १११ कि.मी. भरतो, ६४ अक्षांशावर जेमतेम ४९. सपाट नकाशा दोन्ही सारखेच दाखवतो. अंशांना १११ ने गुणून पायथागोरस लावला, तर उत्तर सुमारे १६,४५० कि.मी. येते, जवळजवळ चार हजार जास्त.

योग्य हिशेब दहावी-बारावीच्या त्रिकोणमितीत बसतो. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, न्यूयॉर्कचे केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२१३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा (१४६.६५) कोसाइन यांचा गुणाकार उणे ०.५९९. बेरीज उणे ०.३८६. हा कोसाइन असलेला कोन ११२.७ अंश, म्हणजे १.९६७ रेडियन. त्याला पृथ्वीच्या त्रिज्येने, ६३७१ ने, गुणले की सुमारे १२,५३० कि.मी. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने यात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. बातमीसाठी ती चालेल.

चुका होतात त्या भलत्याच ठिकाणी. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचे राहिले, तर न्यूयॉर्क थेट किर्गिझस्तानात जाऊन बसते आणि अंतर २,४०० कि.मी. निघते. विमानतळाच्या तक्त्यातले ७२ अंश ५२ मिनिटे हे ७२.५२ नव्हे, ७२.८७, मिनिटांना ६० ने भागायलाच हवे. संगणकावरची स्प्रेडशीट कोन रेडियनमध्ये धरते, त्यामुळे अंश तसेच भरले की येणारा आकडा निरर्थक असतो. आणि सागरी मैल १.८५२ कि.मी.चा असतो, साधा मैल १.६०९ चा. हेच अंतर ६,७६६ सागरी मैल भरते; त्यांना साधे मैल समजून केलेले रूपांतर सुमारे १,६५० कि.मी. कमी भरते.

हे झाले किमान अंतर. प्रत्यक्ष उड्डाण वारे आणि हवाई हद्दी पाहून ठरते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली, तेव्हा त्यांच्या पश्चिमेकडच्या फेऱ्या लांबल्या. दोन विमानतळांमधले भौमितिक अंतर होते तेवढेच राहिले. म्हणून विनंती, की आकडा छापताना तो किमान अंतराचा आहे की उडालेल्या मार्गाचा, हे शेजारी नमूद करावे, आणि नकाशातली रेघ वक्र काढावी.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक, सातारा