विन्सेनला दिसलेली फासेल वेगा

प्रिय काका,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, थंडीने मात्र जीव काढलाय. फोनवर गाड्यांचा विषय काढला की काकू फोन हिसकावून घेते, म्हणून हे लिहूनच पाठवतेय.

जानेवारीत एका रविवारी पॅरिसमधले लोक आपापल्या जुन्या गाड्या बाहेर काढतात आणि विन्सेनच्या किल्ल्यापासून शहरभर फेरी मारतात. सिट्रोएन, रनो तर ढिगाने होत्या, पण मी अडकले ते एका काळ्या फासेल वेगा एचके ५०० या जुन्या फ्रेंच गाडीपाशी. हेडलाइट एकावर एक उभे, बॉनेट हे एवढं लांब. मालक आजोबांनी दार उघडून आत बघू दिलं. डॅशबोर्ड अस्सल अक्रोडाच्या लाकडाचा, अगदी रेषा आणि गाठींसकट, आणि आजोबा हसत म्हणाले वाजवून बघ, वाजवलं तर ठण्ण! अहो पत्रा! पत्र्यावर हाताने रंगवलेलं लाकूड. मधे हीटरचे दांडे विमानात असतात तसे.

आणि बॉनेटखाली चक्क अमेरिकन क्रायसलरचं व्ही ८ इंजिन, ६.३ लिटर, ३६० हॉर्सपॉवर. म्हणजे तुमच्या ट्रॅक्समध्ये मर्सिडीजचं इंजिन तशातलाच प्रकार. कारण असं की युद्धानंतर फ्रान्स सरकारने मोठ्या इंजिनांवर असा टॅक्स लावला की देलाए, तालबो असल्या जुन्या कंपन्यांचं कंबरडंच मोडलं, मग देशात मोठं इंजिन मिळणार कुठून?

फासेल वेगाचा मालक जाँ दानिनोस, मूळचा पत्र्याच्या कामातला माणूस. आधी सिट्रोएनमध्ये होता, १९३९ मध्ये फासेल ही कंपनी काढली, पुढे पानार, सिम्का, फोर्ड यांना बॉड्या बनवून द्यायचा. १९५४ मध्ये कंपनीच्या स्वतःच्या नावाची गाडी आणली, वेगा हे ताऱ्याचं नाव सुचवलं भावाने, तो लेखक होता. पिकासोकडे फासेल होती, रेसर स्टर्लिंग मॉसकडेही. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू १९६० मध्ये अपघातात गेला तीही फासेलच, प्रकाशक मित्र चालवत होता, गाडी झाडावर आदळली आणि काम्यूच्या खिशात रेल्वेचं न वापरलेलं तिकीट सापडलं.

पण कंपनी बुडाली ती या मोठ्या गाड्यांमुळे नाहीच! छोटी, स्वस्तातली फासेलिया काढली, तिला १.६ लिटरचं, दोन कॅमशाफ्टचं अस्सल फ्रेंच इंजिन, पाँत-आ-मूसाँ कंपनीने बनवलेलं. पिस्टन जळायला लागले, गिऱ्हाइकं गाड्या परत आणू लागली, वॉरंटीत पैसा पाण्यासारखा गेला. नंतर व्होल्वोचं इंजिन बसवलं, ते चांगलं चाललं म्हणतात, पण तोवर नाव गेलं होतं, १९६४ मध्ये शटर खाली. सगळी मॉडेलं धरून जेमतेम तीनेक हजार गाड्या.

इथले लोक म्हणतात दानिनोसला हाव नडली. मला नाही पटत, छोटी गाडी काढणं बरोबरच होतं, नीट टेस्टिंग न करता इंजिन लोकांच्या गळ्यात मारलं ते चुकलं. तुमच्या गॅरेजला असं नवंकोरं इंजिन आलं असतं तर तुम्ही पहिलं काय उघडून बघितलं असतंत? नक्की कळवा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेत, डॅशबोर्डचा मोठा करून बघा. काकूला म्हणावं मेतकूट संपत आलंय.

तुमची,
मुक्ता