तपासणीला बोलावताना बाईचा स्वभावही पाहावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर 5 वर्षांनी तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारचे 2016 चे धोरण आहे. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 30 ते 49 वयाच्या जेमतेम 1.9 टक्के स्त्रियांनी ती कधी तरी केल्याचे आढळले. याचे खापर सरसकट अज्ञानावर फोडले जाते, ते मला पटत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत आरोग्यसेविका म्हणून वावरताना मी पाहिले की, "मले काहीच तरास नाही, मंग कायले तपासाचं?" असे ठणकावणारी बाई आणि "काही निघालंच तं?" या धास्तीने दारातून परतणारी बाई, या दोघींची नोंद 'नकार' या एकाच रकान्यात होते. पहिलीला धोका आपला वाटत नाही, तर दुसरीला तो इतका जवळचा वाटतो की तिला त्याचे नावही नको असते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात शिस्तशीर, मनमोकळ्या आणि नव्याचे कुतूहल असणाऱ्या स्त्रियांना या तपासणीतील अडचणी कमी वाटतात, असे दिसले होते. आपल्याकडे मात्र सर्वांना एकच भाषण आणि व्रणाचे तेच भयंकर चित्र दाखवले जाते.

धास्तावलेल्या बाईला ते चित्र आणखी दूर लोटते. तिला शांतपणे सांगावे लागते की, तपासणीत गर्भाशयमुखाला ॲसिटिक आम्ल (व्हिनेगरमधले सौम्य आम्ल) लावून मिनिटभर थांबायचे असते, पांढरा चट्टा दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे, आणि कर्करोग होण्याआधीच्या अवस्थेतच बदल सापडला तर उपचार साधे असतात. बोलकी बाई बचत गटातल्या चौघींना सोबत आणील. बुजऱ्या बाईला मात्र चारचौघींत विचारले की ती पुन्हा फिरकत नाही. लेकराच्या लसीची तारीख न चुकवणाऱ्या बाईला बहुधा तारीख लिहिलेले कार्ड पुरते.

अर्थात, ऐन कापूस वेचणीत शिबिर ठेवायचे, खोलीला धड पडदा लावायचा नाही, तपासायला स्त्री कर्मचारी नाही आणि मग बायकांच्या स्वभावाला बोल लावायचा, हा शहाजोगपणा झाला. आरोग्य विभागाने आधी या उणिवा दूर कराव्यात आणि नोंदवहीत नकाराचे कारण बाईच्याच शब्दांत लिहिण्यासाठी एक रकाना वाढवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. यवतमाळ