फटाके फोडणारे वेगळे, बुलेटवाले वेगळे

मा. संपादक, नमस्कार.

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवला तो फोटो तुमच्या पेपरात बघितला. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, कारण आमच्या गल्लीतनं रोज रात्री साडेअकराला एक पोरगं गाडीच्या सायलेन्सरमधनं फटाके फोडत जातं. पण खाली 'बुलेटवाल्यांचा धुडगूस' छापलंय ते काय पटलं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे वडिलांची १९८४ ची साडेतीनशे सीसीची बुलेट आहे. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, सेल्फ नाही. अँपिअरचा (करंट दाखवणारा) काटा मधे आणायचा, डिकॉम्प म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा खटका दाबून पिस्टन जरा पुढं काढायचा आणि मग एकच किक, चुकलं की गाडी अशी उलटी लाथ घालते की नडगी आठवडाभर सुजलेली. तरी विकावीशी वाटत नाही. एकच सिलिंडर, त्यात ७० मिमीचा पिस्टन ९० मिमी वरखाली होतो, आत फ्लायव्हील म्हणजे फिरतं चाक जड, त्यामुळं गाडी सावकाश दम घेत चालते आणि डुगडुग येते ती तिथनं. त्याला सायलेन्सर फोडावा लागत नाही. फटाका कसा वाजतो ते पण सांगतो, जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पोरं चालू गाडीत चावी बंद करतात, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधे जातं आणि परत चावी फिरवली की धडाम. यात इंजिनाचं कौतुक काय आहे मला कळत नाही!

मद्रासला १९५५ ला ही गाडी बनायला लागली, लष्कराची ८०० गाड्यांची ऑर्डर होती म्हणून. पुढं पन्नासेक वर्षं कास्ट आयर्न इंजिन जवळपास तेच राहिलं, म्हणून आजपण कुठल्याही तालुक्याच्या गावात टापेट (व्हॉल्व्हची फट) सेट करणारा मिस्त्री सापडतो आणि बुश नाही मिळालं तर लेथवाला करून देतो. वडिलांनी दुधाचे कॅन अडकवायला बाजूला हूक मारून घेतलेले, मी ते काढून स्प्रिंगच्या दोन सीटा बसवल्या, हँडल थोडं खाली घेतलं (मागची सीट बायकोनं निवडली, तिथं माझं चाललं नाही). ज्याची गाडी त्याच्यासारखी दिसते, हीच तर गंमत. नवीन ३४९ सीसीवाली पण एका सिलिंडरचीच, ताकद जेमतेम २० हॉर्सपॉवर, तेवढ्या पैशात जास्त पळणाऱ्या गाड्या मिळतात तरी पोरं हीच घेतात आणि घेतल्या घेतल्या सीट, आरसे, इंडिकेटर बदलायला पळतात. त्यात सप्टेंबर २०२५ पासनं ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय.

आता मुद्दा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. रंगसुद्धा आरसीत असतो, त्यामुळं तो बदलायचा तर आरटीओत जावं लागतं. मान्य. पण सीट? हँडल? कॅरिअर? मला मागच्या महिन्यात एका नाक्यावर नुसती सीट बघून बाजूला घेतलं, सायलेन्सर कंपनीचा आहे हे दाखवेपर्यंत अर्धा तास गेला. काय चालतं काय नाही याची साध्या मराठीत यादी आरटीओनं दारावर लावावी, एवढं तुम्ही छापाच.

आणि तुमच्या वार्ताहराला एकदा पाठवा, किक मारायला शिकवतो. नडगी त्यांनी सांभाळावी.

आपला,
एक बुलेटवाला, सांगली