हारुगोनची ओळख करून देणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू मला आभार मानूच देत नाहीस. मी सुरुवात केली की लगेच "जेवलीस का? काय केलं होतं?" वर येतेस. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. टोकियोतल्या निशी-कासाईत अजूनही दर वर्षी नवी मराठी कुटुंबं येतात, तुला माहीत आहेच. त्यांच्यातल्या एखाद्या आईच्या हाती लेकीच्या दप्तरातलं चित्रांचं पुस्तक लागेल, त्यात हारुगोनसारखा शहर तुडवणारा राक्षस दिसेल आणि तिच्या पोटात गोळा येईल. तिच्यापर्यंत हे पत्र पोचावं असं मला फार वाटतं. तुझं नाव मात्र लिहीत नाही. ते तुला आवडणार नाही.

बाबांची बदली झाली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. शाळा जपानी, वर्ग जपानी, आणि मला येणारं जपानी म्हणजे पुण्यातल्या क्लासमध्ये घाईघाईने शिकलेलं तेवढंच. भाषेचं मी कसंबसं निभावलं असतं, पण अंग साथ देईना. कोणी माझं नाव घेतलं, की आधी कानामागे खाज सुटायची, मग गळ्यावर लालबुंद गांधी उठायच्या आणि बघता बघता दोन्ही हात भरून जायचे. पित्त मला लहानपणीही उठायचं, पण इथे ते रोजचंच झालं. आई आमसुलाचं पाणी करून द्यायची, रात्री हातांना आमसूल चोळायची. त्वचेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि समजावलं, की घाम, उष्णता आणि मनावरचा ताण यांनी हे वाढतं, संसर्ग वगैरे काही नाही. ते त्यांनी मला सांगितलं. वर्गाला कोण सांगणार?

तिथे दुपारचं जेवण मुलंच पाळीपाळीने वाढतात. पांढरा एप्रन, डोक्याला पांढरी टोपी, तोंडाला मास्क. माझी पाळी आली तेव्हा मला सगळ्यांसमोर सांगण्यात आलं, की तू वाढायला उभी राहू नकोस. आवाज अगदी मऊ होता. मी एप्रनची घडी करून परत ठेवली. त्यानंतर माझ्या बाकाला कोणाचा हात लागला, तर तो हात पुसला जायचा. मीही मग बोलणं सोडलं. न बोललं तर कोणी नाव घेत नाही, आणि नाव घेतलं नाही तर गांधी उठत नाहीत, असा माझा हिशेब होता.

तू वरच्या मजल्यावर राहायचीस. लिफ्टमध्ये माझी मान बघून तू सरळ विचारलंस, "पित्त उठलंय का गं? आमसूल आहे का घरी, की देऊ?" इतकं साधं त्या शहरात मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात तू 'ओतोमे काइजू क्यारामेरिझे'चा पहिला खंड घेऊन आमच्या दारात उभी राहिलीस.

ज्यांना हे पुस्तक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आओकी स्पिका यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. २०१८ साली 'मासिक कॉमिक अलाइव्ह'मध्ये ती क्रमशः यायला लागली. अकाइशी कुरोए ही शाळकरी मुलगी. तिला लहानपणापासून एक विचित्र व्याधी आहे: मनात खळबळ झाली की शरीराचा एखादा भाग राक्षसी होतो. म्हणून ती कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. वर्गाने तिला नावं ठेवली आहेत. मग वर्गातला सगळ्यांचा लाडका मुलगा, मिनामी अराता, तिच्याशी बोलायला लागतो. तिचं काळीज धडधडतं आणि ती इमारतींच्या उंचीचा राक्षस होते. लोक त्या राक्षसाला हारुगोन म्हणतात. टोकियोत हाहाकार उडतो, आणि खाली कोणालाच पत्ता नाही, की एका मुलीला एक मुलगा आवडला आहे, एवढंच काय ते घडलेलं आहे.

पुस्तकात तू पेन्सिलीने लिहून ठेवलं होतंस. अवघड कांजीच्या, म्हणजे जपानी लिपीतल्या चित्राक्षरांच्या, डोक्यावर बारीक अक्षरात उच्चार, समासात मराठी अर्थ. काही ठिकाणी नुसत्या सूचना: "इथे थांब, आधी चित्र बघ." "हिचे डोळे बघ." आणि एका पानाच्या खालच्या कोपऱ्यात, "आता श्वास घे आणि पान उलट." मी उलटलं. तोवर नाजूक रेषा होत्या, मुलाच्या चेहऱ्याभोवती चमचम होती. आणि आता एकदम काळ्याकुट्ट शाईतलं ते प्रचंड धूड, खवल्यान् खवला काढलेला. गंमत म्हणून काढलेला गोंडस राक्षस नव्हे, खराखुरा, धडकी भरवणारा. मी मोठ्याने हसले. टोकियोत आल्यापासून घरातल्यांनी माझं हसणं ऐकलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता बाहेर आली, हातात लाटणं तसंच.

आईने अर्थातच पुस्तक चाळलं आणि तिला ते मुळीच पटलं नाही. त्या संध्याकाळी तू आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिला अख्खी गोष्ट सांगितलीस. कुरोएच्या आईला लेकीचं सगळं माहीत आहे आणि ती लेकीच्या बाजूने आहे, हे ऐकून आई जरा सैल झाली. मग थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "पण तो मुलगा चांगला आहे ना?" त्या प्रश्नानंतर आमच्या घरात या पुस्तकाला कोणी नाव ठेवलं नाही.

२०२०च्या मार्चमध्ये देशभरातल्या शाळा बंद झाल्या तेव्हा तू पुस्तकं कापडी पिशवीत घालून आमच्या दाराच्या मुठीला अडकवायचीस आणि घंटी वाजवून निघून जायचीस. सोबत कधी थालीपिठाची भाजणी, कधी लसणाची चटणी. मी वाचून झालेला खंड तसाच तुझ्या दाराला लावून यायची, आतमध्ये माझे प्रश्न लिहिलेला कागद. तुझी उत्तरं दुसऱ्या दिवशी यायची. त्या कागदांवर मी जेवढं जपानी शिकले तेवढं वर्गात बसून शिकले नाही. तुझी नोकरी, घरून चालणारी कामं, रात्री उशिरापर्यंतच्या मीटिंगा, हे सगळं सांभाळून एका परक्या मुलीच्या प्रश्नांना तू वेळ दिलास. तेव्हा मला त्याचं मोल कळत नव्हतं. आता मी स्वतः अर्धवेळ नोकरी करते तेव्हा कळतं.

आणि मग तू मला ती बोट दाखवायला नेलंस. कासाई-रिंकाई पार्कहून केइयो लाइनने एकच स्टेशन, शिन-किबा, तिथून चालत युमेनोशिमा. 'दाइगो फुकुर्यू मारू', ट्यूना पकडायला जाणारी लाकडी बोट. १ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटांपाशी हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा ही बोट धोक्याच्या घोषित हद्दीबाहेर असूनही तिच्यावर पांढरी राख पडत राहिली. बोटीवर २३ जण होते. रेडिओ सांभाळणारे कुबोयामा आइकिची त्याच वर्षी २३ सप्टेंबरला गेले. आणि ३ नोव्हेंबरला चित्रपटगृहांत गॉडझिला आला, बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्रातून उठवलेला राक्षस. बोट एवढी मोठी असेल असं मला वाटलं नव्हतं. तिच्या शेजारून चालत जाताना मान वर करावी लागते. तू म्हणालीस, "या देशात राक्षस असाच येत नाही. त्याच्या मागे काहीतरी दुखलेलं असतं."

परतीच्या गाडीत तू मला नाकाजिमा हारुओ यांच्याबद्दल सांगितलंस. पहिल्या गॉडझिलाच्या पोशाखात शिरून चालणारे ते. सगळ्यात आधी बनवलेला पोशाख शंभर किलोच्या आसपास होता, त्यात धड पाऊल उचलता येईना, म्हणून दुसरा करावा लागला. तरी दिव्यांच्या उष्णतेत आतला माणूस घामाने निथळायचा. पडद्यावर टोकियो पेटलेलं दिसतं तेव्हा आत एक जण घामाघूम होऊन पाय उचलत असतो, हे ऐकून मला काय वाटलं ते तेव्हा सांगता आलं नाही. मी हाताच्या गांधी बाहीखाली लपवून बसले होते आणि मला त्या माणसाची फार जवळीक वाटली.

यामुळेच आओकीबाईंची गोष्ट मला हलकीफुलकी असूनही उथळ वाटत नाही. ज्या आकारात त्यांच्या देशाने आपलं सगळ्यात मोठं भय ओतलं, तोच आकार त्यांनी एका मुलीच्या लाजण्याला दिला. कोणी म्हणेल, कुठे अणुबॉम्ब आणि कुठे शाळेतलं प्रेम. पण पंधराव्या वर्षी मान लाल झाली आणि वर्गाने ती पाहिली, तर ती गोष्ट त्या मुलीला खरोखर शहराएवढी वाटते. मोठी माणसं म्हणतात, एवढं काय त्यात. आओकीबाई तसं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, हो, एवढंच आहे, हे बघ, काढून दाखवते. आणि मग त्याच चित्राने हसवतात. असा आदर मला त्या वयात दोनच ठिकाणी मिळाला, त्या पानांवर आणि तुझ्या घरी.

त्या गोष्टीतली मानात्सुही मला तुझ्यामुळे कळली. काइजूंसाठी, म्हणजे अशा प्रचंड राक्षसांसाठी, जीव टाकणारी ती मुलगी हारुगोनच्या प्रेमात पडते. बाकीचे पळत असतात आणि ती डोळे विस्फारून म्हणते, काय देखणा आहे! सुरुवातीला मला ती नुसती विनोदापुरती वाटली होती. तू म्हणालीस, नीट बघ, जे लपवण्यात कुरोएचा सगळा जन्म चालला आहे, तेच कोणीतरी डोळे भरून पाहतं आहे. त्यानंतर मी ते सगळे प्रसंग पुन्हा वाचून काढले. एखाद्या मैत्रिणीला आपलं सगळ्यात नकोसं अंग आवडू शकतं, ही कल्पनाच मला नवी होती.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावरचा तो प्रसंग तर तू विसरणंच शक्य नाही. वाचनालयाच्या कामात माझ्याबरोबर एक मुलगा होता. त्याने पुस्तकांचा गठ्ठा माझ्या हातून घेतला आणि "जड आहे, मी नेतो" म्हणाला. बस्स. माझे दोन्ही गाल, कान, मान, सगळं पेटलं. मी पळत घरी आले ती थेट तुझ्याकडे. तू आधी पंखा लावलास, पाणी दिलंस, मग विचारलंस, "भीती वाटली म्हणून उठलं, की आवडला म्हणून?" मला फरक सांगता येईना. तू म्हणालीस, "मग अकाइशीला विचार," आणि पुढचा खंड माझ्या मांडीवर ठेवलास. त्या दिवसापर्यंत माझ्या अंगावरची प्रत्येक गांध म्हणजे संकट होतं. त्यातली एखादी आनंदाचीही असू शकते, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं. पुढे त्या मुलाशी माझी चांगली मैत्री झाली. त्याहून जास्त काही झालं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. त्याने एकदा विचारलं, हे दुखतं का? मी म्हटलं, खाजतं. तो म्हणाला, मग खिडकी उघडू का? शाळा संपेपर्यंत तो माझ्यासाठी खिडकी उघडत राहिला.

ताई, माझं पित्त गेलेलं नाही. कमी झालं आहे, डॉक्टर बदलले, गोळी बदलली. परीक्षेच्या तोंडी परत उठतं. फरक एवढाच की आता मी बाही वर करते आणि समोरच्याला सांगते, हे असं होतं, दहा-पंधरा मिनिटं थांबा. गेल्या महिन्यात विद्यापीठात तीस-एक जणांसमोर जपानीत बोलायचं होतं. गळ्यावर उठलंच. मी सांगितलं आणि पुढे बोलत राहिले. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे सरकवली. बोलणं चांगलं झालं असं सर म्हणाले. हे तुला फोनवर सांगायचं होतं, पण तू त्या दिवशी कोथिंबिरीच्या वड्यांबद्दल विचारत बसलीस.

तू मला धीर दिलास, बळ दिलंस, असं सगळं लिहिता येईल, पण मला नेमकं आठवतं ते वेगळं आहे. तू माझ्या शेजारी बसून वाचलंस. मला काय वाटायला हवं ते सांगितलं नाहीस, मी कुठे हसते आणि कुठे गप्प होते ते पाहिलंस. माझं कोडं तू कधी शाळेत जाऊन भांडून सोडवलं नाहीस, आईने सांगितलं असतं तर तेही केलं असतंस, हे मला माहीत आहे. मनापासून आभार, ताई. त्या पिशवीबद्दल, बोटीबद्दल, पेन्सिलीच्या प्रत्येक अक्षराबद्दल.

आता एक काम आहे. तिसऱ्या मजल्यावर नाशिकहून आलेलं कुटुंब आहे, त्यांची मुलगी आठवीत. तिला मी पहिला खंड दिला आहे. तिच्या आईने चाळला आणि काल माझ्याकडे आल्या, चेहरा अगदी आपल्या आईसारखा. मी जमेल तसं समजावलं, पण मला तुझ्यासारखं ओट्याला टेकून गोष्ट सांगता येत नाही. मी त्यांना तुझा नंबर दिला आहे. जपानचा अनोळखी नंबर दिसला तर कापू नकोस, उचल. बहुतेक रविवारी सकाळी करतील, तुमच्याकडे तेव्हा चहाची वेळ असेल. मुलगा चांगला आहे का, हे त्या नक्की विचारतील.

तुझीच,
खालच्या मजल्यावरची