‘द नाइन्थ गेट’ भुताचा नाही, पुस्तकांचा पिक्चर आहे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत भीतीदायक सिनेमांची यादी आली होती. त्यात रोमन पोलान्स्कीच्या १९९९ च्या ‘द नाइन्थ गेट’बद्दल दोनच ओळी होत्या, सैतानपट आहे, फार स्लो आहे, घाबरवत नाही. घाबरवत नाही हे मान्य. पण मी एकतीस वर्षं लायब्ररीत काढली आणि हा पिक्चर पाच-सहा वेळा तरी बघितला असेल, त्यामुळे त्या दोन ओळी वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

जॉनी डेपचा कोर्सो हा जुन्या दुर्मिळ पुस्तकांचा दलाल. सुरुवातीचा सीन आठवा, एका घरातला म्हातारा संग्राहक अर्धांगवायूने व्हीलचेअरवर बसलाय, त्याला बोलता येत नाही, आणि त्याच्यासमोर घरचे लोक पुस्तकांचा सौदा करतायत. कोर्सो बाकीच्या पुस्तकांच्या किमती फुगवून सांगतो आणि १७८० मध्ये माद्रिदला इबार्रा या मुद्रकाने छापलेले ‘डॉन किहोते’चे चार खंड स्वतः पडेल भावात उचलतो. त्या म्हाताऱ्याचे डोळे बघवत नाहीत हो. आमच्याकडे पण अशी घरं येतात, वडील गेले की महिन्याभरात फोन येतो की कपाटं रिकामी करायचीयेत, कधी येताय.

मग खरी गोष्ट सुरू होते. १६६६ साली व्हेनिसमध्ये छापलेलं एक पुस्तक (हे पुस्तक काल्पनिक आहे, त्यातल्या नऊ चित्रांनी सैतानाला बोलावता येतं अशी गोष्टीतली समजूत), छापणाऱ्याला पुढच्या वर्षी जिवंत जाळलं, आज तीनच प्रती उरल्यात आणि बाल्कन नावाचा श्रीमंत माणूस कोर्सोला सांगतो की माझी प्रत बाकी दोघींशी ताडून बघ, खरी कुठली ते सांग. एक प्रत पोर्तुगालमध्ये सिंत्राला, एक पॅरिसला. कोर्सो दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून भिंगाने चित्रं बघत बसतो आणि त्याला दिसतं की एका प्रतीत चित्रातल्या म्हाताऱ्याच्या उजव्या हातात किल्ल्या आहेत, दुसरीत डाव्या. बस्, एवढंच. माझ्या अंगावर काटा येतो तो इथे, शेवटच्या आगीच्या सीनमध्ये नाही.

कारण हे खरंच असं असतं. हाताने चालवायच्या छापखान्यात छपाई चालू असतानाच चुका दुरुस्त करायचे आणि आधी छापलेले कागद फेकायचे नाहीत, तेही बांधणीत जायचे, म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसायच्या. शेक्सपिअरच्या १६२३ च्या फर्स्ट फोलिओच्या (त्याच्या नाटकांचा पहिला एकत्रित छापील ग्रंथ) ५५ प्रती चार्ल्टन हिनमन या अभ्यासकाने अमेरिकेतल्या फोल्जर लायब्ररीत बसून ताडून बघितल्या, त्यासाठी आरसे आणि दिवे लावून एक मशीनच बनवलं होतं, दोन प्रतींचं तेच पान आलटून पालटून दिसायचं आणि जिथे फरक असेल तिथे अक्षर थरथरायचं. आणि आपल्या पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताच्या १,२५९ हस्तलिखितांचे पाठभेद, म्हणजे मजकुरातले फरक, तपासले, १९१९ ला सुरू झालेलं काम १९६६ ला पुरं झालं. कोर्सो वेगळं काय करतोय? पाठभेदच बघतोय की, फक्त शब्दांऐवजी चित्रांचे.

स्पेनमधल्या टोलेडोच्या दुकानातले ते जुळे बाइंडर भाऊ तर मला फारच आवडतात. दोघं पुस्तक हातात घेतात, कागद चाचपतात, बांधणी बघतात आणि मग हळूच सांगतात की सगळी चित्रं एकाच माणसाच्या सहीची नाहीत. दोन्ही भूमिका एकाच माणसाने केल्यात आणि तो धंद्याने नट नाही, सिनेमाच्या प्रॉडक्शनचं काम बघणारा होता. उघड्या हातांनी पुस्तक धरलं म्हणून काही जण नावं ठेवतात, पण कागदी पुस्तकाला स्वच्छ कोरडे हातच बरे, हातमोज्यांनी पान फाटायची भीती जास्त. जुन्या पुस्तकांजवळ सिगरेट ओढतात ते मात्र मलाही बघवत नाही.

शेवट सांगतोच आता, पंचवीस वर्षं होऊन गेलीत. बाल्कन तिन्ही प्रतींतून सगळी नऊ चित्रं जमवतो आणि तरी जळून मरतो, कारण नववं चित्र नकली होतं आणि ते त्याने तपासलंच नाही. इतका पैसा, इतके खून, आणि गाडी अडली एका न तपासलेल्या पानावर.

आमच्या लायब्ररीत एका जुन्या मराठी पुस्तकाच्या दोन प्रती होत्या. वरून आदेश आला की डुप्लिकेट काढून टाका, मी लेखी विरोध केला, पण जास्त कसर लागलेली प्रत रद्दीत गेली. पुढच्या वर्षी एका विद्यार्थिनीने दाखवलं की ठेवलेल्या प्रतीत मधला एक अख्खा फर्माच नाहीये, सोळा पानं, बाइंडरकडून तेव्हाच राहून गेलेली. मी त्याच दुपारी रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने नम्रपणे सांगितलं की तो माल कधीच लगद्याला गेला.

पुढच्या यादीत हवं तर स्लो लिहा, पण हा पिक्चर प्रती ताडून बघण्यावर आहे एवढी एक ओळ टाका, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे