बाबा, तुम्हाला चढायची गरज नाही

होनोलुलू, हवाई

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल डायमंड हेडला, इथल्या जुन्या ज्वालामुखीच्या डोंगराला, जाऊन आले. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "आता माझ्या गुडघ्यांना डोंगर झेपायचा नाही, तूच बघ आणि सांग." सांगतेच, पण आधी हे ऐका. एकही पायरी न चढता तुम्हाला ज्वालामुखीच्या पोटात बसता येईल! रस्ता बोगद्यातून थेट विवरात उतरतो, गाडी तळावरच उभी राहते. भोवती तपकिरी कडे, मधे काटेरी कियावेची झाडं, बसायला बाकडी. मी किती तरी वेळ तिथेच उभी होते.

लाव्हा दिसतो का, असं तुम्ही विचारलं होतं. नाही दिसत, हा डोंगर मुळात राखेचा आहे. काही लाख वर्षांपूर्वी तापलेला शिलारस पाण्याला भिडला, वाफेचे स्फोट झाले आणि उडालेली राख गोल साचून हळूहळू दगड झाली. तेव्हाही इथे आजच्यासारखा ईशान्येचा वारा होता, म्हणून राख नैर्ऋत्येला जास्त पडली आणि तीच बाजू सगळ्यात उंच राहिली. हे कळल्यावर माझी नजर त्या कड्यावरून हलेना. केवढा जुना वारा, बाबा, आणि अजून डोळ्यांना दिसतो!

वर जायची वाट अमेरिकी सैन्याने 1908 साली किनाऱ्याच्या संरक्षणासाठी काढली. सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे, पण नागमोडी चढ, अंधारा बोगदा आणि खड्या पायऱ्या दम काढतात. आई, टोपी घातली होती आणि पाणीही नेलं होतं. माथा 232 मीटरवर. खाली दीपगृह, आणि पुढे नुसता निळा समुद्र.

आई, डोंगराचं मूळ नाव लेआही. आही म्हणजे आपला कुपा मासा. कड्याची रेघ त्याच्या पाठीवरच्या परासारखी दिसते. परक्या खलाशांना इथले कॅल्साइटचे स्फटिक हिरे वाटले, म्हणून दुसरं नाव पडलं. मला कुपाच आवडला.

1968 पासून हा डोंगर राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून नोंदलेला आहे. पायथ्याशी शहर अगदी खेटून उभं आहे, त्यामुळे तो राखला गेला याचं फार बरं वाटलं.

तुम्ही आलात की बाबा विवरात बसतील, आपण दोघी थांबत थांबत वर जाऊ. हवाईबाहेरच्यांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती मी करीन. तेवढं पासपोर्टचं काम मात्र या महिन्यात उरका.

तुमची,
लाडकी लेक