अभ्यासक्रमांच्या माहितीसाठी सामाईक मानक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की अभ्यासक्रमांची तुलना करून देणारी कोष्टके आणि शोधसुविधा यांचे पेव फुटते, आणि त्यांतल्या चुकांबद्दलच्या तक्रारीही त्याच वेगाने येऊ लागतात. माहिती भरणाऱ्यांच्या निष्काळजीपणाला दोष देऊन आपण मोकळे होतो. तो दोष काही अंशी खराही आहे, परंतु दुखण्याचे मूळ त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. प्रत्येक महाविद्यालय आणि विद्यापीठ आपल्या अभ्यासक्रमाचे वर्णन स्वतःच्या सोयीने, स्वतःच्या साच्यात आणि बहुधा पीडीएफमध्ये करते, त्यामुळे ती माहिती एकत्र आणणाऱ्याला अर्थ लावत बसावे लागते. सर्व संस्थांनी मान्य केलेले, अभ्यासक्रमांच्या वर्णनाचे एक सामाईक डेटा मानक, म्हणजे कोणती माहिती कोणत्या रकान्यात आणि कोणत्या स्वरूपात द्यायची याची ठरलेली चौकट, असावे आणि ते मुद्दाम छोटे ठेवावे, असे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

उदाहरणादाखल संख्याशास्त्राचा एक प्राथमिक अभ्यासक्रम घेऊ. एक संस्था त्याचा कालावधी ‘एक सत्र’ असा देते, दुसरी ‘१५ आठवडे’ आणि तिसरी ‘६० तास’. तिन्ही विधाने खरी असतात, कदाचित एकाच लांबीच्या अभ्यासक्रमाची असतात, पण संगणकाला त्यांची तुलना करता येत नाही. प्रारंभाची तारीख ‘०३/०४’ अशी दिलेली असेल, तर ती तीन एप्रिल की चार मार्च हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. शुल्काच्या रकान्यात ‘कार्यालयाशी संपर्क साधावा’ असे लिहिण्याची तर पद्धतच पडून गेली आहे. यांपैकी बऱ्याच अडचणींवरची उत्तरे तयार आहेत. तारखेसाठी आयएसओ ८६०१, भाषेसाठी आयएसओ ६३९, चलनासाठी आयएसओ ४२१७ ही मानके जगभर वापरात आहेत. विषयांच्या वर्गीकरणासाठी युनेस्कोची २०१३ची शिक्षणक्षेत्रांची संकेतावली आहे, आणि तीत संख्याशास्त्राचा संकेतांक ०५४२ असा आहे. नव्या मानकाने हे सारे पुन्हा शोधत बसू नये, आहे ते उचलावे.

खरे काम आहे ते दोन गोष्टी वेगळ्या करण्याचे. विद्वत्सभेने मंजूर केलेला अभ्यासक्रम, म्हणजे त्याचे नाव, उद्दिष्टे, पूर्वपात्रता आणि मिळणारी पदवी, ही एक नोंद झाली. तोच अभ्यासक्रम अमुक वर्षी, अमुक ठिकाणी, संध्याकाळच्या तुकडीत, अमुक शुल्क घेऊन चालवला जातो, ही त्याहून निराळी नोंद. पहिली क्वचित बदलते, दुसरी दर सत्राला. बहुतेक संकेतस्थळांवर या दोहोंची एकच खिचडी असते. त्यामुळे शुल्क बदलले की सगळे पान नव्याने लिहिले जाते, जुन्या पानाची प्रत कुठेतरी तशीच राहते, आणि शोध घेणाऱ्याला एकाच अभ्यासक्रमाच्या परस्परविरोधी नोंदी सापडतात. शोधयंत्रे चालवणाऱ्या कंपन्यांनी २०११मध्ये सुरू केलेल्या स्कीमा डॉट ऑर्ग या शब्दसंग्रहातही अभ्यासक्रम आणि त्याची प्रत्यक्ष तुकडी यांसाठी दोन वेगळे प्रकार आहेत. ही विभागणी जिथे केली गेली, तिथे पुढचे काम निम्म्याने हलके होते, असे मला वाटते.

युरोपचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. नॉर्वेत सीडीएम, स्वीडनमध्ये एमिल, जर्मनीत पास १०६८ आणि ब्रिटनमध्ये एक्सक्री अशी वेगवेगळी मानके आधीच उभी राहिली होती, आणि प्रत्येकाला आपलेच योग्य वाटणे साहजिक होते. कोणा एकाचे मानक इतरांवर लादण्याऐवजी सर्वांत समान असलेला भाग तेवढा वेगळा काढण्यात आला: संस्था, तिने देऊ केलेली शिक्षणसंधी आणि त्या संधीचे ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी होणारे प्रत्यक्ष आयोजन. २००८मध्ये त्यावर कार्यगटाच्या पातळीवर करार झाला आणि २०११मध्ये ईएन १५९८२ हे युरोपीय मानक आले. पुढच्याच वर्षी ब्रिटनने एक्सक्रीला बीएस ८५८१ हा राष्ट्रीय मानकाचा दर्जा दिला. समान गाभा छोटा राहिला, आणि ज्याला अधिक तपशील हवा त्याने तो आपल्या देशापुरता जोडला. सर्वांच्या सर्व मागण्या मान्य करून शेकडो रकान्यांचा तक्ता तयार केला असता, तर तो समितीच्या कपाटातच राहिला असता.

श्रेयांकांबाबत (क्रेडिट) मात्र अधिक सावध राहावे लागेल, कारण हा आकडा दिसायला सोपा आणि वापरायला धोक्याचा आहे. युरोपीय पद्धतीत पूर्णवेळ शिक्षणाच्या एका वर्षाला ६० श्रेयांक मिळतात आणि एक श्रेयांक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम, ज्यात वर्गातल्या तासांबरोबर घरी केलेला अभ्यास आणि परीक्षेची तयारीही धरलेली असते. इतर काही पद्धतींत आठवड्याला वर्गात घालवलेल्या तासांवरून श्रेयांक ठरतात. अशा वेळी नोंदीत नुसते ‘४ श्रेयांक’ लिहिले, तर ती माहिती अपुरीच नव्हे तर दिशाभूल करणारी ठरते. म्हणून आकड्यासोबत श्रेयांकपद्धतीचे नाव देणे बंधनकारक असावे, आणि नाव नसेल तर नोंदच स्वीकारू नये. एका पद्धतीतून दुसरीत रूपांतर करण्याचा अधिकार मानकाने स्वतःकडे घेऊ नये. ते काम प्रवेश देणाऱ्या संस्थेचे आहे.

सामाईक मानक आले की अध्यापनाचेही एकसाचीकरण होईल, अशी भीती अनेक प्राध्यापक व्यक्त करतात. ही भीती निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाही, कारण रकाने ठरवणारा नकळत काय महत्त्वाचे तेही ठरवत असतो. पूर्वपात्रता, कालावधी, मूल्यमापन यांचे रकाने आहेत, पण क्षेत्रभेटींचा किंवा प्रयोगशाळेतील कामाचा नाही, असे झाले तर काही वर्षांनी त्या गोष्टी माहितीपत्रकातूनही गळू लागतील. यासाठी मुक्त मजकुराचा एक ऐसपैस रकाना ठेवावा आणि त्यात काय लिहायचे हे शिकवणाऱ्यावर सोपवावे. वर्णनाची चौकट सारखी असली, तरी वर्णन सारखे असण्याचे कारण नाही.

अंमलबजावणीची अडचण तांत्रिक कमी आणि कार्यालयीन अधिक आहे. एका अभ्यासक्रमाची माहिती संस्थेत कुठे असते ते पाहावे: श्रेयांक परीक्षा विभागाकडे, शुल्क लेखा विभागाकडे, वेळापत्रक विभागप्रमुखांच्या एक्सेलच्या तक्त्यात आणि आकर्षक परिच्छेद जनसंपर्क कक्षाकडे. या चौघांपैकी कोणाचा शब्द अखेरचा, हे ठरल्याशिवाय कोणतेही मानक चालणार नाही. सध्या निरनिराळ्या यंत्रणा आपापले नमुने पाठवतात आणि तोच लिपिक तीच माहिती पुन्हा पुन्हा टंकतो. त्याऐवजी संस्थेने ती आपल्या संकेतस्थळावर एकदाच, मानकानुसार, यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात ठेवावी आणि ज्यांना हवी त्यांनी तिथूनच उचलावी. नोंद नियमात बसते की नाही, हे तपासणारे मोफत साधन मानकासोबतच उपलब्ध व्हावे, कारण दोनशे पानी मार्गदर्शिका वाचण्याइतका वेळ या कर्मचाऱ्यांकडे नसतो, आणि त्यांनी ती वाचावी अशी अपेक्षा करणेही बरे नव्हे.

शेवटचा मुद्दा ओळखक्रमांकाचा. अभ्यासक्रमाचे नाव बदलते, विभाग एकमेकांत विलीन होतात, संकेतस्थळाची रचना बदलली की जुने दुवे तुटतात. म्हणून प्रत्येक अभ्यासक्रमाला नावावर वा पत्त्यावर अवलंबून नसलेला कायमचा ओळखक्रमांक द्यावा आणि तो दुसऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमाला पुन्हा कधी देऊ नये. अभ्यासक्रम बंद झाल्यावर त्याची नोंद पुसून टाकण्याची प्रथाही थांबायला हवी. तो पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला वीस वर्षांनंतर नोकरीसाठी किंवा पुढील शिक्षणासाठी तपशील दाखवावा लागतो, तेव्हा संस्थेच्या संकेतस्थळावर त्याचा मागमूस नसतो. मसुदा तयार होईल तेव्हा त्यात ‘बंद’ असा स्थितिदर्शक रकाना, बंद झाल्याची तारीख आणि असल्यास त्याच्या जागी आलेल्या अभ्यासक्रमाचा ओळखक्रमांक, या तीन गोष्टी पहिल्या आवृत्तीतच असाव्यात.

आपला विश्वासू,
एक वाचक